उशिरा उघडलेले दार

(खेळाडूची ओळख त्याच्या खेळावरून व्हावी, रंगावरून किंवा जन्मावरून होऊ नये, असे आज आपण मानतो. पण एके काळी अमेरिकेत गोल्फच्या मैदानावर तसे नव्हते. चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूने हा अन्याय वर्षानुवर्षे सोसला, पण खेळणे सोडले नाही. त्यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

नोव्हेंबर १९८०. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात गोल्फची एक स्पर्धा चालू होती. तिच्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक खेळाडूचे वय पन्नास किंवा त्याहून जास्त होते. या वयात माणसे नातवंडांना खेळवतात. ही माणसे स्वतःच खेळायला उतरली होती. स्पर्धा संपली तेव्हा सर्वांच्या पुढे होते अठ्ठावन्न वर्षांचे चार्ली सिफर्ड. त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान असलेले नामवंत खेळाडू डॉन जॅन्युअरी चार फटक्यांनी मागे राहिले.

अठ्ठावन्नाव्या वर्षी जिंकणे ही मोठी गोष्ट खरीच. पण सिफर्ड यांच्या बाबतीत नवल वेगळेच होते. ऐन तारुण्यात, अंगात बळ असताना, बहुतेक मोठ्या स्पर्धांचे दार त्यांना बंद होते. का? त्यांचा खेळ कमी पडत होता म्हणून नव्हे, तर त्यांचा रंग काळा होता म्हणून!

गोल्फ हा मोकळ्या, विस्तीर्ण मैदानावरचा खेळ आहे. मैदानात ठिकठिकाणी अठरा लहान खळगे असतात. लांब काठीने चेंडू टोलवत एकेका खळग्यात घालायचा असतो. ज्याला सर्वांत कमी फटके लागतात, तो जिंकतो. या खेळात कोणी कोणाला अडवत नाही की ढकलत नाही. ताकद तर लागतेच, पण त्याहून अधिक लागते अचूक नजर आणि शांत मन. म्हणूनच वय वाढले तरी चांगला खेळाडू गोल्फ खेळू शकतो.

चार्लीचा जन्म २ जून १९२२ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शार्लट या शहरात झाला. वडील मजुरी करीत. घरची गरिबी होती. दहाव्या वर्षी चार्ली एका गोल्फ क्लबात कॅडीचे काम करू लागला. खेळणाऱ्यांच्या काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे मागे चालायचे, हे कॅडीचे काम. दिवसभर राबल्यावर साठ सेंट हातात पडत. त्यांतले बरेचसे तो आईला देई.

पिशवी वाहता वाहता चार्लीची नजर मात्र खेळणाऱ्यांच्या हातांवर असे. काठी कशी धरतात, पाय कसे ठेवतात, चेंडू कुठे पडतो, हे सगळे तो टिपून घेई. काम नसे तेव्हा तो स्वतः खेळून पाही. तेराव्या वर्षी तो मोठ्या माणसांच्या तोडीचे खेळू लागला. पण ज्या क्लबात तो पिशव्या वाहत होता, त्याचा सभासद होण्याचे स्वप्नसुद्धा तो पाहू शकत नव्हता. तो क्लब फक्त गोऱ्यांसाठी होता.

पुढे तो उत्तरेकडील फिलाडेल्फिया शहरात गेला. तेथे गोल्फचे एक सार्वजनिक मैदान होते. तेथे काळे आणि गोरे दोघांनाही खेळता येत असे. त्या मैदानावर चार्लीचा खेळ बहरला. मध्येच दुसरे महायुद्ध आले. चार्ली सैन्यात गेला आणि जपानच्या ओकिनावा बेटावर जाऊन आला. देशासाठी लढायला त्याचा रंग आड आला नव्हता. युद्ध संपवून परत आल्यावर खेळायला मात्र तोच रंग आड आला.

त्या काळी अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंची एक संघटना होती. मोठमोठ्या स्पर्धा तिच्याच नियमांनी चालत. संघटनेचा सभासद फक्त गोऱ्या वंशाचा माणूसच होऊ शकेल, असा नियम तिने १९३४ मध्ये केला होता. त्यामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंनी आपल्या वेगळ्या स्पर्धा सुरू केल्या होत्या. त्यांची बक्षिसे लहान असत. त्यांतली राष्ट्रीय स्पर्धा सिफर्ड यांनी सहा वेळा जिंकली. १९५२ ते १९५६ अशी सलग पाच वर्षे तर तेच विजेते होते. पण एवढ्यावर पोट भरत नसे. त्यासाठी त्यांनी बिली एकस्टाइन या प्रसिद्ध गायकाला गोल्फ शिकवण्याची नोकरी केली.

याच सुमारास सिफर्ड यांची जॅकी रॉबिन्सन यांच्याशी भेट झाली. रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये बेसबॉलच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत खेळून गोऱ्यांची मक्तेदारी मोडली होती. आपणही गोल्फमध्ये तसेच करू इच्छितो, असे सिफर्ड यांनी सांगितले. तेव्हा, तू अर्ध्यावर सोडून देणाऱ्यांपैकी आहेस का, असे रॉबिन्सन यांनी विचारले. नाही, असे उत्तर मिळताच ते म्हणाले, तर मग पुढे हो; पण वाट सोपी नाही, हे लक्षात ठेव.

वाट खरोखरच सोपी नव्हती. १९५२ मध्ये फिनिक्स शहरातील स्पर्धेत सिफर्ड आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी खेळायला उतरले. पहिल्याच खळग्यापाशी पोहोचून पाहतात तो काय, कोणीतरी मुद्दाम त्या खळग्यात घाण भरून ठेवलेली! खळगा बदलून मिळेपर्यंत ते तेथेच उभे राहिले आणि मग पुढे खेळू लागले.

१९६१ मध्ये ग्रीन्सबरो येथील स्पर्धेत त्यांना प्रवेश मिळाला. हे शहर त्यांच्याच नॉर्थ कॅरोलिना राज्यातले. दक्षिणेतील अशा मोठ्या स्पर्धेत खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होते. पहिल्या दिवशी ते सर्वांच्या पुढे होते. त्या रात्री त्यांना जिवे मारण्याची धमकी देणारा फोन आला. दुसऱ्या दिवशी गोऱ्या तरुणांचे एक टोळके त्यांच्या मागोमाग शिव्या देत फिरू लागले. ते चेंडू मारायला वाकले की टोळके ओरडे. शेवटी पोलिसांनी त्या तरुणांना बाहेर काढले. सिफर्ड यांनी तोंडातून एक शब्दही काढला नाही. त्यांनी स्पर्धा पूर्ण केली आणि चौथा क्रमांक मिळवला.

दरम्यान कॅलिफोर्निया राज्याचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांनी हा प्रश्न हाती घेतला. वंशभेद पाळणाऱ्या संघटनेला आमच्या राज्यात स्पर्धा घेता येणार नाहीत, असे त्यांनी बजावले. अखेर नोव्हेंबर १९६१ मध्ये संघटनेने तो नियम काढून टाकला. दार उघडले. पण तोवर सिफर्ड यांचे वय एकोणचाळीस झाले होते. खेळाडूच्या आयुष्यातील सर्वांत चांगली वर्षे निघून गेली होती.

तरीही ते थांबले नाहीत. १९६७ मध्ये हार्टफर्डच्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी त्यांनी केवळ ६४ फटक्यांत अठरा खळगे पूर्ण केले आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली. बक्षीस होते वीस हजार डॉलर. त्या वेळी ते पंचेचाळीस वर्षांचे होते. १९६९ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसची स्पर्धाही जिंकली. मात्र ऑगस्टा येथील मास्टर्स या अत्यंत मानाच्या स्पर्धेचे निमंत्रण त्यांना कधीच आले नाही. तेथे पहिल्यांदा खेळण्याचा मान १९७५ मध्ये ली एल्डर या दुसऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूला मिळाला.

त्याच वर्षी सिफर्ड यांनी ज्येष्ठ व्यावसायिकांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ते बावन्न वर्षांचे होते. पुढे १९८० मध्ये पन्नाशीच्या पुढील खेळाडूंसाठी स्पर्धांची एक मालिकाच सुरू झाली. तिला तेव्हा ज्येष्ठांचा दौरा म्हणत. पाठाच्या सुरुवातीला सांगितलेली स्पर्धा या दौऱ्याच्या पहिल्याच वर्षातली. या दौऱ्यावर खेळण्यासाठी अट होती वयाची. जिथे वयामुळे इतर खेळाडू दार बंद होताना पाहत होते, तिथे सिफर्ड यांच्यासाठी ते उघडले. साठी उलटल्यावरही ते खेळत राहिले. तरुणांच्या दौऱ्यावर उभ्या आयुष्यात त्यांनी सुमारे ३ लाख ४१ हजार डॉलर मिळवले होते. ज्येष्ठांच्या दौऱ्यावर त्यांनी त्याच्या दुपटीहून अधिक मिळवले.

मग झालेल्या अन्यायाची भरपाई झाली का? नाही. पैसा मिळाला, मान मिळाला. पण गेलेली वर्षे कोणीही परत देऊ शकले नाही. पंचविसाव्या किंवा तिसाव्या वर्षी सिफर्ड किती स्पर्धा जिंकले असते, हे आता कोणालाच कळणार नाही. सिफर्ड यांनीही ही खंत लपवली नाही. १९९२ मध्ये त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मला फक्त खेळू द्या, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. त्यांनी आयुष्यभर एवढेच तर मागितले होते.

२००४ मध्ये जागतिक गोल्फच्या कीर्तिमंदिरात त्यांना स्थान मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होते. ज्या शार्लट शहरात त्यांनी लहानपणी पिशव्या वाहिल्या, तेथील एका सार्वजनिक गोल्फ मैदानाला २०११ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांच्या गळ्यात घातला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ फेब्रुवारी २०१५ रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्या मास्टर्स स्पर्धेचे निमंत्रण सिफर्ड यांना आले नाही, ती १९९७ मध्ये टायगर वुड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने जिंकली. वुड्स त्यांना आपल्या आजोबांच्या जागी मानत. पुढे वुड्स यांना मुलगा झाला, तेव्हा त्यांनी त्याचे नाव ठेवले चार्ली!

शब्दार्थ

कृष्णवर्णीय – काळ्या रंगाचा
अन्याय – नाइन्साफी, जुलूम
विस्तीर्ण – लांबरुंद, पसरलेले
खळगा – जमिनीतील लहान खड्डा
व्यावसायिक – खेळावर किंवा धंद्यावर उपजीविका करणारा
मक्तेदारी – एकट्याचाच हक्क, इजारा
महाधिवक्ता – राज्य सरकारचा सर्वांत मोठा वकील
ज्येष्ठ – वयाने मोठा, बुजुर्ग
भरपाई – नुकसान भरून देणे
खंत – मनाला लागून राहिलेले दुःख

वाक्प्रचार

आड येणे – अडथळा होणे
टिपून घेणे – लक्षपूर्वक पाहून मनात ठेवणे
अर्ध्यावर सोडणे – काम पुरे न करता थांबणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) चार्ली सिफर्ड यांचा जन्म कोठे झाला?
(२) कॅडीला कोणते काम करावे लागते?
(३) गोल्फमध्ये कोणता खेळाडू जिंकतो?
(४) ज्येष्ठांच्या दौऱ्यावर खेळण्यासाठी कोणती अट होती?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) कृष्णवर्णीय खेळाडूंना वेगळ्या स्पर्धा का सुरू कराव्या लागल्या?
(२) ग्रीन्सबरो येथील स्पर्धेत सिफर्ड यांना कोणता त्रास झाला? ते कसे वागले?
(३) स्टॅन्ली मॉस्क यांनी कोणते पाऊल उचलले? त्याचा काय परिणाम झाला?

प्र. ३. कारणे लिहा.
(१) वय वाढले तरी चांगला खेळाडू गोल्फ खेळू शकतो.
(२) मान आणि पैसा मिळूनही सिफर्ड यांच्यावरील अन्यायाची भरपाई झाली नाही.

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (खांद्यावर, सार्वजनिक, निमंत्रण)
(१) फिलाडेल्फियात गोल्फचे एक ........ मैदान होते.
(२) चार्ली काठ्यांची पिशवी ........ घेऊन चाले.
(३) सिफर्ड यांना मास्टर्स स्पर्धेचे ........ कधीच आले नाही.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
तारुण्य, गरिबी, न्याय, लहान, उशिरा

प्र. ६. मैदान, बक्षीस, हजार, शहर, नोकरी, फक्त हे पाठातील शब्द उर्दूतही आहेत. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असलेले आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : अनेक अडचणी सोसून पुढे आलेल्या एखाद्या भारतीय खेळाडूची माहिती मिळवा आणि ती दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.