बंदिस्त टाक्यांतलं मत्स्यपालन : पाणी फिरतं, पण हिशेब मांडायला हवा

"सर, शेडमध्ये टाक्या ठेवून, तेच पाणी फिरवून मासे पाळता येतात म्हणे, खरं का?" मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणं आटली तेव्हा यवतमाळ शहर टँकरची वाट बघत होतं. तिथल्या मुलांना हा प्रश्न पडणारच. उत्तर 'हो' असंच आहे, पण वर्गात ते गणितासकट द्या.

आधी शेततळं घ्या. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद. मे महिन्यात दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडालं असं धरा. मुलांना गुणाकार करू द्या : 9,000 लिटर! माशांनी त्यातलं काहीच प्यायलेलं नाही बरं का. शेडमधल्या टाकीला ऊन लागत नाही, म्हणून ही गळती बरीचशी थांबते.

आता पाणी फिरतं कसं? विष्ठा आणि उरलेलं खाद्य आधी गाळून काढतात. पण खरं विष डोळ्यांना दिसत नाही. 30 टक्के प्रथिनांचं एक किलो खाद्य घातलं, की साधारण 25 ते 30 ग्रॅम अमोनिया पाण्यात उतरतो. बायोफिल्टरमधल्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणजे पुस्तकातलं नायट्रोजन चक्रच! हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी भरली आणि लगेच मासे सोडले, की मासे मरतात. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

नायट्रेट मात्र साठत जातं, म्हणून रोज थोडं पाणी बदलावं लागतं. 50,000 लिटरच्या यंत्रणेत रोज 10 टक्के म्हटलं तरी 5,000 लिटर. मग 'पाणी लागतच नाही' हे म्हणणं खरं कसं? हे काढलेलं पाणी वाया जात नाही, वांगी-टोमॅटोला चालतं. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात तर जमिनीतलं कोमट, खारट पाणी आधी माशांना आणि मग ऑलिव्हच्या झाडांना देतात.

पालकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वीज. दाटीनं मासे असलेल्या टाकीत हवा देणारं यंत्र बंद पडलं, तर अर्ध्या-एक तासात मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. त्यातच गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसात. आपल्याकडचा उन्हाळा आणि भारनियमन डोळ्यांसमोर आणा. जनरेटरचा खर्च पहिल्याच दिवशी धरायचा, नंतर नाही.

2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा प्रकल्पांना सर्वसाधारण गटासाठी 40 टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी 60 टक्के अनुदान आहे. उरलेली रक्कम घरातून किंवा कर्जातून येते. मुलगा कर्जाचा अर्ज आणेल, तेव्हा त्याला आधी विचारा : रोजचं पाणी कुठून आणणार, वीज गेली तर काय करणार आणि मासे कोण घेणार?

वर्गात करून पाहायचं असेल, तर मत्स्यपेटीत दोन-तीनच लहान मासे ठेवा, खाद्य चिमूटभर घाला आणि अमोनिया मोजायच्या किटने दर दोन दिवसांनी आकडा फळ्यावर लिहा. आधी तो चढेल, मग उतरेल. तो का उतरला, हे मुलांनाच शोधू द्या. आकडा फार चढला, तर मात्र थोडं पाणी लगेच बदला.