शिफारशींचे पुढे काय झाले?

वाचकहो, आम्ही बरीच वर्षे शाळामास्तर होतो. तपासनीस साहेब शाळा पाहायला येत आणि जाताना शेरेबुकात लिहीत, "पश्चिमेकडचे छप्पर गळते. दुरुस्त करावे." पुढच्या वर्षी शेरा तोच. त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. शेरा खरा होता, अक्षरही वळणदार होते. पण पावसाळ्यात मुले दप्तर डोक्यावर धरून बसत. एके वर्षी नवे साहेब आले. त्यांनी पायरीवरच विचारले, "गुरुजी, मागच्या शेऱ्याची पूर्तता झाली का?" आम्ही मान खाली घातली. त्या पावसाळ्याआधी कौले बदलली गेली.

सांगितलेले काम झाले की नाही, हे पुन्हा पुन्हा विचारणे म्हणजे पाठपुरावा. छपराची गोष्ट लहान आहे. पण देशात लढाई होऊन जाते, निरपराध माणसे मारली जातात, मग चौकशी होते. तेव्हाही हाच प्रश्न विचारावा लागतो. तो कसा विचारला जातो, हे आज एका दूरच्या देशाच्या गोष्टीवरून पाहू.

देश आणि लढाई

अमेरिका खंडाच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एल साल्वाडोर नावाचा देश आहे. तो आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा. तिथे कॉफीचे मळे आहेत. पूर्वी चांगली जमीन थोड्या घराण्यांच्या हाती होती आणि बाकीचे लोक मजुरी करीत. त्यातून असंतोष वाढला. १९८० साली सरकारी फौज आणि बंडखोर यांच्यात लढाई जुंपली. ती बारा वर्षे चालली. सुमारे ७५ हजार माणसे मेली. त्यांतली पुष्कळशी हातात शस्त्र नसलेली होती.

लढाईतही काही नियम असतात. नि:शस्त्र माणसाला, बाईला, मुलाला मारता येत नाही. जगण्याचा, छळ न होण्याचा, न्याय मिळण्याचा हक्क माणसाला जन्मापासून आहे. यालाच मानवी हक्क म्हणतात.

एल मोसोते गाव

त्या देशाच्या ईशान्य डोंगरात एल मोसोते हे खेडे आहे. डिसेंबर १९८१ मध्ये फौज तिथे आली. सैनिकांनी पुरुष वेगळे केले, बाया वेगळ्या केल्या, मुले वेगळी केली. आणि सर्वांना मारले. आसपासच्या वस्त्यांवरही तेच झाले. सगळे मिळून सुमारे हजार जीव गेले. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती.

रुफिना अमाया नावाची बाई झाडाझुडपांत लपून वाचली. तिचा नवरा आणि चार मुले गेली. पाहिलेले तिने वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना सांगितले. १९८२ साली ते छापूनही आले. सरकार म्हणाले, "असे काही घडलेच नाही."

रुफिना सांगत राहिली. १९९० साली गावकऱ्यांनी कोर्टात फिर्याद दिली. १९९२ साली देवळाशेजारची एक लहानशी इमारत खणली. तिथे किमान १४३ जणांचे सांगाडे निघाले. त्यांतली १३१ मुले बारा वर्षांखालची होती. मग 'घडलेच नाही' असे कोण म्हणणार?

चौकशी आणि शिफारशी

जानेवारी १९९२ मध्ये तह झाला. संयुक्त राष्ट्रसंघाने मध्यस्थी केली. चौकशीसाठी तीन परदेशी जाणत्यांचा आयोग नेमला. त्याला सत्य आयोग म्हणत. आयोगाकडे २२ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. शंभरांतल्या सुमारे ८५ तक्रारी सरकारी फौज आणि तिच्या बाजूच्या टोळ्यांविरुद्ध होत्या. सुमारे ५ बंडखोरांविरुद्ध होत्या. आयोगाने दोघांचेही दोष लिहिले.

१५ मार्च १९९३ रोजी अहवाल आला. त्यात शेवटी शिफारशी होत्या. शिफारस म्हणजे 'असे करावे' असा सल्ला. ज्या अधिकाऱ्यांवर ठपका आहे त्यांना काढावे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी पदे सोडावीत. मेलेल्यांच्या नावांचे स्मारक उभारावे. त्यांच्या घरच्यांना भरपाई मिळावी. शिफारशी पाळू, असे दोन्ही बाजूंनी आधीच कबूल केले होते.

आणि काय झाले? अवघ्या पाच दिवसांनी, २० मार्चला, त्या देशाच्या विधिमंडळाने माफीचा कायदा केला. लढाईतल्या गुन्ह्यांबद्दल कुणावर खटला चालणार नाही, असा तो कायदा. त्याच वर्षी एल मोसोतेची फिर्यादही बंद झाली.

हिशेब

संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक १९९५ पर्यंत त्या देशात होते. कोणती शिफारस पार पडली, कोणती अडली, याचा ते हिशेब ठेवीत. हा हिशेब आपणही मांडून पाहू.

अधिकारी : फौजेतले वरचे अधिकारी १९९३ सालीच गेले, पण शिक्षा म्हणून नव्हे, निवृत्त म्हणून.

न्यायाधीश : त्यांनी पदे सोडायला नकार दिला. १९९४ साली मुदत संपली तेव्हा नवे आले.

भरपाई : तिचा निधी तेव्हा उभा राहिलाच नाही.

स्मारक : सरकारने बांधले नाही. लोकांच्या संस्थांनी पुढाकार घेतला आणि २००३ साली राजधानीतल्या बागेत काळ्या दगडाची भिंत उभी राहिली. तिच्यावर २५ हजारांहून अधिक नावे आहेत. आई येते, मुलाचे नाव शोधते, त्यावर बोट फिरवते. ज्याला थडगे नाही त्याची तीच खूण.

निरीक्षक गेले. मग विचारणारे कोण उरले? गावकरी उरले. त्यांना मारिया हुलिया एर्नांदेस या बाईंची साथ होती. त्या राजधानीतल्या आर्चबिशपांच्या मानवी हक्क कचेरीच्या प्रमुख होत्या. त्यांच्या माणसांनी गावोगाव फिरून मेलेल्यांची नावे आणि वये लिहून काढली. रुफिना साक्ष देत राहिली. या दोघीही २००७ सालच्या मार्च महिन्यात वारल्या. न्याय त्यांनी पाहिला नाही.

पण त्यांनी लिहून ठेवलेले, सांगून ठेवलेले वाया गेले नाही. २०१२ साली राष्ट्राध्यक्ष फुनेस एल मोसोतेला गेले आणि राष्ट्राच्या वतीने त्यांनी क्षमा मागितली. त्याच वर्षी अमेरिका खंडातल्या देशांच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला, की माफीचा कायदा चौकशीच्या आड येऊ नये. २०१६ साली तो कायदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. एल मोसोतेची फिर्याद पुन्हा उघडली.

वाट तरी सरळ झाली का? नाही. २०२० साली न्यायाधीश फौजेचे जुने कागद पाहायला गेले, तर त्यांना दारातच अडवले. २०२१ साली साठ वर्षांवरच्या न्यायाधीशांना निवृत्त करणारा कायदा झाला आणि ते न्यायाधीश खटल्यावरून गेले. दुसऱ्या एका प्रकरणात मात्र न्याय झाला. १९८२ साली हॉलंडच्या चार पत्रकारांना मारले होते. सत्य आयोगाने तेही प्रकरण तपासले होते. त्याबद्दल २०२५ साली फौजेच्या तीन जुन्या अधिकाऱ्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. अहवालानंतर ३२ वर्षांनी!

आपण काय घ्यावे?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, इतक्या उशिराच्या न्यायाचा काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. गेलेली मुले परत येत नाहीत. पण 'असे घडलेच नाही' हे खोटे टिकले असते, तर ती मुले दुसऱ्यांदा मेली असती.

अहवाल हा कागद आहे. त्याला पाय नसतात. त्याला चालवणारी माणसे लागतात. म्हणून कोणताही अहवाल हाती आला, की शेवटची पाने आधी वाचावीत. काय करायचे, कुणी करायचे आणि केव्हापर्यंत, या तीन गोष्टी वहीत उतरून घ्याव्यात. मग ठरल्या दिवशी जाऊन विचारावे. उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारावे.

आपल्या ग्रामसभेतही मागच्या सभेचे इतिवृत्त वाचतात. तेव्हा पुष्कळांना डुलकी लागते. यापुढे तेव्हाच जागे राहा. "मागच्या ठरावाचे काय झाले?" एवढेच विचारा. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तुम्हाला टाळणे सोपे नाही.

विचार करा

१. शिफारस आणि हुकूम यांत फरक काय?
२. अहवालानंतर पाच दिवसांनी काय झाले?
३. रुफिनाने सांगणे सोडले असते तर काय झाले असते?
४. तुमच्या गावात मागच्या वर्षी ठरलेले एक काम वहीत लिहा. ते झाले का? नसल्यास कुणाला विचाराल?