कालच्या भाकरीवर आजचा गड

(सिंहगडाची आतकरवाडीकडची पायवाट, सकाळचे सात. आत्या जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. भाचा अर्ध्या वाटेवर दगडावर टेकलेला.)

ओंकार : आत्या, थांब गं! खाली दोन वडापाव हाणले, तरी पायांत जीव नाही.

आत्या : ते वडे अजून पोटातच घोळताहेत. रक्त पायांकडे धावतंय, पोटाकडे कोण बघणार? तू चढतोयस मुख्यतः कालच्या भाकरीवर.

ओंकार : कालची भाकरी अजून शिल्लक आहे?

आत्या : भाकरी नाही, तिचं ग्लुकोज. स्टार्च लाळेतच तुटायला लागतो, म्हणून घास पुष्कळ चावला की गोड लागतो. आतड्यातून ग्लुकोज रक्तात उतरलं की इन्शुलिन ते पेशींत पोचवायला लावतं. लगेच नको असलेलं ग्लायकोजेन होऊन साठतं : यकृतात साधारण 100 ग्रॅम, स्नायूंत 400च्या आसपास. यकृत उदार; रात्रभर तू घोरत होतास तेव्हा तुझ्या मेंदूला तेच पुरवत होतं. वजनात जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू ऊर्जा मात्र 20 टक्के खातो, अभ्यास करो वा न करो! स्नायू पक्के कंजूष. साठलेलं ग्लुकोज रक्तात परत सोडायचं विकरच त्यांच्याकडे नाही. हातांतली शिल्लक पायांना मिळत नाही, ती अशी.

ओंकार : आणि ते जळतं म्हणजे आत शेकोटी पेटते?

आत्या : शेकोटीत सगळी ऊर्जा एकदम उष्णता होऊन जाते. पेशी ती पायरीपायरीनं काढून एटीपी नावाच्या रेणूत भरते. बरंचसं काम पेशीच्या आतल्या तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकाँड्रियात. रहाटगाडगं पाहिलंयस? गाडगी मोजकी, फेऱ्या अगणित. अंगात एका वेळी 100 ग्रॅमच्या आतबाहेर एटीपी. पण रिकामं होऊन पुन्हा भरतं, ते दिवसभरात जवळपास आपल्या वजनाइतकं होतं.

ओंकार : मग एवढा घाम कशाला?

आत्या : हिशेब कर. तू 70 किलोचा, चढ सुमारे 600 मीटर. एवढं ओझं वर न्यायला निव्वळ 100 किलोकॅलरी पुरतात. पण स्नायू खर्चाचा चौथा-पाचवा हिस्साच कामी लावतात. म्हणजे वर पोचेपर्यंत तुझ्याकडून जाणार 400-500. बाकीची उष्णता, ती बाहेर काढायला घाम.

ओंकार : त्यातूनच चरबी वितळून जाते ना?

आत्या : घामात पाणी नि मीठ. चरबीचा होतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, आणि वजनातला मोठा वाटा श्वासावाटे जातो. आत्ता टाकतोयस त्या धापांतून थोडी चाललीय.

ओंकार : मग बसल्या बसल्याच धापा टाकतो की!

आत्या : भोवळ येईल, चरबी हलणार नाही. ऊठ.

ओंकार : वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, कांदाभजी...

आत्या : पिठाच्या ग्रॅमला 4 किलोकॅलरी, तेलाच्या ग्रॅमला 9. भज्यांची दुसरी प्लेट मागवलीस की चढ फुकट.

ओंकार : तू नाही खाणार?

आत्या : खाणार तर! उद्या पर्वती चढायचीय, तिची तरतूद नको?