अकराच्या आत

भोसरी,
12 जानेवारी

चि. बाळ्यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू ते रात्री दोन वाजता वाचलं असतंस, म्हणून मुद्दाम पोस्टाने पाठवतोय. पाकीट कासनला तुझ्या घरमालकाच्या हाती पडेल, तेही दिवसाउजेडी.

तुझ्या आत्याचे जावई दिल्लीचं काम आटोपून दोन रात्री तुझ्या खोलीवर राहून आले. पोराने स्वतःची गादी दिली, पराठे खाऊ घातले, असं कौतुक झालं. मग चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, “रात्री तीनपर्यंत मांडीवर लॅपटॉप असतो हो. साडेपाचला उठून पहिल्या पाळीला पळतो. त्याचा खोलीतला मित्र सांगत होता, मशीनवर पेंगतो.” त्यांचं बिस्किट संपलं, माझा चहा तसाच निवला. तुझ्या आईच्या कानावर यातलं काही घातलेलं नाही.

मशीन म्हणजे कुठलं ते जावयांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. बाळ्या, पेंगणाऱ्या माणसाला पॉवर प्रेस हलवून जागं करत नाही.

तुझ्या मानेसरमध्येच ‘सेफ इन इंडिया’ नावाची संस्था जखमी कामगारांसाठी काम करते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत कामगारांची बोटं कशी जातात, यावर ते 2019 पासून अहवाल काढतात. त्याचं नाव ‘क्रश्ड’. त्यात पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येतो. मिळाला तर वाच. माझा उजवा हात तर तू पाळण्यात असल्यापासून पाहतोयस. “मामा, तीन बोटांनी लाडू कसा वळतोस?” असं तूच विचारायचास.

गेम बनवू नकोस असं मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर तू पाठवलेला तो प्रोग्राम मी चार दिवस घेऊन, चष्मा पुसत पुसत पूर्ण वाचला. दोन हजार ओळी! आणि तो वाचल्यावर कळलं की तू तीनपर्यंत का जागतोस. तुझा गेम मोठा आहे म्हणून नव्हे. तो तुझ्या डोक्याबाहेर कुठे मांडलेलाच नाही, म्हणून. लॅपटॉप मिटला की सगळं सांडेल, अशी तुला भीती वाटते. ज्या कामाची मांडणी झालेली असते ते अकराला मिटता येतं. म्हणून आज मांडणीचंच बोलतो. माझा स्वार्थ तुझ्या झोपेत आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट. तू गेममधल्या प्रत्येक खोलीचं एक फंक्शन केलंस. ओसरी माजघराला हाक मारते, माजघर परत ओसरीला. तुला वाटतं माणूस ओसरीत परत आला. पायथनच्या हिशेबी तो पहिली ओसरी न सोडता माजघरात गेला आणि तिथून दुसऱ्याच ओसरीत शिरला. अशी हजारेक दारं उघडी राहिली की पायथन हात टेकतो. ती जी लालभडक चूक तुला दिसते आणि तू ‘कधीकधीच येते’ म्हणतोस, ती हीच. खेळणारा किती वेळ हिंडला यावर ती अवलंबून आहे.

खोली ही करायची गोष्ट नाही, लिहून ठेवायची गोष्ट आहे. एक डिक्शनरी कर. प्रत्येक खोलीसमोर तिचं वर्णन आणि कुठल्या दिशेला कुठली खोली, एवढंच लिही. मग प्रोग्राममध्ये एकच घाणा फिरत राहील: खोली दाखव, खेळणाऱ्याला विचार, त्याचं म्हणणं समजून घे, काय बदललं ते नोंदव, पुन्हा दाखव. पाच खोल्या असोत की पन्नास, घाणा तेवढाच. रात्री एक खोली लिहिलीस की काम पुरं झालं. उरलेली उद्या.

दुसरी गोष्ट तुझा कंदील. माजघरात घेतला तरी माळ्यावर पुन्हा सापडतो, म्हणून तू आठवडाभर डोकं फोडतोयस म्हणे. अरे, कंदील घेतला का, हे तू चौदा ठिकाणी वेगवेगळं लिहिलंयस. मी मोजलं. आमच्या टूलरूममध्ये गेज नेलं की त्याच्या खुंटीला आपलं पितळी टोकन लटकवावं लागे. एका गेजला एक टोकन. गेज कुठे आहे याचं उत्तर एकाच खुंटीवर. तसं कर. कंदील कुठे आहे याची नोंद एकाच जागी ठेव: ‘माजघर’, ‘माळा’ नाहीतर ‘हातात’. दुसरीकडे कुठेही लिहू नकोस, लागेल तेव्हा तिथेच विचार. मग तो दोन ठिकाणी असूच शकत नाही. खेळणारा कुठे आहे, काय काय घडून गेलं, हेही त्याच वहीत. थांबताना ती वही एका फाइलीत लिहून टाकलीस की खेळ जिथे सोडला तिथून सकाळी उचलता येतो. खेळणाऱ्यालाही, आणि तुलाही.

हे शहाणपण माझं नव्हे. शब्दांतून खेळायच्या या जातीचा पहिला गाजलेला खेळ विल क्राउदर नावाच्या अमेरिकन माणसाने 1976 च्या सुमारास फोर्ट्रानमध्ये लिहिला. त्याला गुहांचा नाद होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये उतरून तो तिची मोजमापं घ्यायचा, नकाशे करायचा. संसार मोडल्यावर आपल्या दोन मुलींना खेळायला काहीतरी असावं म्हणून त्याने तीच गुहा शब्दांत उतरवली. वर्णनं आणि वाटा यांचा तक्ता वेगळा, तो वाचून चालणारा प्रोग्राम वेगळा. पुढे 1977 मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने तो वाढवला. परक्या माणसाला त्यात भर घालता आली, कारण मांडणी नीट होती असं मला वाटतं. तुझ्या दोन हजार ओळींत उद्या तुला स्वतःलाच भर घालता येणार नाही. आधी कागद घे, चौकोन काढ, बाण काढ. क्राउदरने आधी गुहा मोजली, मग खेळ लिहिला.

जास्त बोललो का? पण तो ‘पेंगतो’ शब्द माझ्या कानातून जात नाही. आता जे सांगतोय ते तुझ्या आईलाही माहीत नाही.

1993 साली मीही एक गेम लिहीत होतो. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये. नाव ‘किल्ला’. चिंचवडच्या एका क्लासमध्ये रात्री दहानंतर मशीन मोकळं असायचं आणि सरांनी किल्ली माझ्याकडे दिलेली. ओळींना नंबर असत आणि गोटू म्हटलं की प्रोग्राम त्या नंबरावर उडी मारी. माझा सगळा किल्ला अशा उड्यांवर उभा होता. त्या रात्री तो तटावरून बुरुजावर आणि बुरुजावरून तटावर असा फिरत बसला. चूक 1240 नंबरच्या ओळीच्या आसपास कुठेतरी होती. पहाटेपर्यंत सापडली नाही. तसाच पहिल्या पाळीला गेलो.

आमच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक. पण माल वेगाने निघावा म्हणून एका बटणात लाकडाची चीप ठोकलेली असे. सगळेच ठोकत, बघणारे बघून न बघितल्यासारखं करत. हात पत्रा सरळ करत होता आणि डोकं 1240 वर होतं.

घरी मी सांगितलं की मशीनने डबल मारलं, आपणहून दुसरा स्ट्रोक. तुझी आजी शेवटपर्यंत त्या मशीनला शिव्या घालत होती. मशीनचा दोष अर्धाच होता रे. उरलेला अर्धा मी तीस वर्षं कुणाला सांगितला नाही. तो आज तुला पाठवतोय, कारण तो आता तुझ्या कामाचा आहे.

तुझ्या गेममध्येही तेच कुलूप आहे बघ. चावी हातात आणि कंदील पेटलेला, दोन्ही असेल तरच बळद उघडतं. एक अट काढून टाकली तर खेळ थोडा सोपा होतो, एवढंच. प्रेसच्या बटणात चीप दिसली तर काम सुरू करू नकोस. सुपरवायझर ओरडला तर ओरडू दे. ओव्हरटाइमचे पैसे बुडाले तर मला कळव.

असो. फार रागावलो. खरं सांगू? तुझा गेम वाचताना मला मौज वाटली. खेळणारा ‘घे कंदील’ असं लिहील, असं तू धरून चाललायस. ती वळणं इंग्रजी खेळांची. आपला माणूस ‘कंदील घे’ लिहील. क्रियापद शेवटी. म्हणून शेवटचा शब्द आधी वाच. ‘घे’ आणि ‘उचल’ एकच समज, ‘जा’ आणि ‘चल’ एकच समज. आणि शब्द कापून जुळवायला जाऊ नकोस. त्या जुन्या इंग्रजी खेळात शब्दाची पहिली पाचच अक्षरं बघत, तिथे ते चालून गेलं. आपल्याकडे विहीर विहिरीत बदलते, दुसऱ्याच अक्षराची वेलांटी पालटते. माळा माळ्यावर होतो. तेव्हा प्रत्येक जागेसमोर तिची दोन-चार रूपं लिहून ठेव. शाळेत सामान्यरूपाला कंटाळायचास, आता ते असं गाठतंय.

पहिल्या खेपेला पाचच खोल्या ठेव. ओसरी, माजघर, बळद, माळा, परस. एक कुलूप, एक चावी, एक शेवट. तो पुरा करून मला पाठव. माझा ‘किल्ला’ त्या फ्लॉपीवर तसाच राहिला, मी पुन्हा उघडला नाही. बोटांचं आता काही वाटत नाही. किल्ला अर्धा राहिला याचं अजून वाटतं.

आणि एक. विट्याचा वाडा विकला तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. बळदात उतरायची शिडी डाव्या हाताला होती हे तुला आठवत असेल, असं मला वाटलं नव्हतं. ओसरीच्या वर्णनात तू लिहिलंयस की आजी सुपारी कातरत बसली आहे. मी तिथे ‘आजीशी बोल’ असं टाइप केलं. प्रोग्राम म्हणाला, ‘समजलं नाही’. चूक तुझी नाही, ते तू लिहिलंच नव्हतंस. पण त्या खोलीपुढे एवढं एक घाल. खेळणारा कधीही आला, हातात काहीही असलं, तरी आजीने विचारावं, “जेवलास का?” त्याला कुठली अट लावू नकोस.

तिकडे थंडी फार आहे म्हणतात. मामीने लोकरीची टोपी आणि लाडू वेगळ्या पार्सलने पाठवले आहेत. लाडू मीच वळलेत.

पत्र मिळालं की फोन कर. अकराच्या आत.

तुझा,
मामा