एका फलकाचा खटला

फ्रान्स देशात दर वर्षी उन्हाळ्यात ‘तूर द फ्रान्स’ नावाची सायकलींची शर्यत होते. इ. स. १९०३ मध्ये सुरू झालेली ही शर्यत सुमारे तीन आठवडे चालते आणि तीत स्वारांना तीन हजारांहून अधिक किलोमीटर अंतर तोडावे लागते. इतर सामन्यांना प्रेक्षक तिकीट काढून कुंपणाबाहेर बसतात. येथे मात्र शेतांतून, खेड्यांतून आणि डोंगरांवरून जाणारा सार्वजनिक रस्ता हेच क्रीडांगण. तिकीट तर नाहीच, पण बहुतेक ठिकाणी कुंपणही नाही. घरातील लहानथोर सारे सकाळपासून रस्त्याच्या कडेला येऊन बसतात आणि ज्यांची कीर्ती वर्षभर ऐकली ते वीर हाताच्या अंतरावरून निघून जातात. ही जवळीक या शर्यतीचे वैभव आहे; तिचा धोकाही त्या जवळिकीतच आहे.

२६ जून २०२१ रोजी शर्यतीचा पहिला टप्पा ब्रिटनी प्रांतातील ब्रेस्त ते लांदेर्नो असा होता. टप्पा संपण्यास सुमारे ४५ किलोमीटर उरले असता रस्त्याच्या कडेला एक तरुण स्त्री पुठ्ठ्याचा मोठा फलक धरून उभी होती. आजीआजोबांना उद्देशून आनंदाचे दोन शब्द तिने त्यावर लिहिले होते. ते दूरचित्रवाणीवर दिसावेत म्हणून तिने फलक रस्त्यावर पुढे केला. तिचे तोंड कॅमेऱ्याकडे होते. स्वार येत होते तिकडे तिची पाठ होती. जर्मनीचा टोनी मार्टिन फलकावर आदळून कोसळला आणि त्याच्यामागून डझनावारी स्वार एकमेकांवर पडले.

एक पडला म्हणून इतके का पडावेत? सायकलस्वाराची बरीचशी शक्ती वारा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या आडोशाने चालले की हे श्रम पुष्कळ वाचतात. म्हणून शेकडो मैल जायचे असता सारे जण चाकाला चाक भिडवून, दाट घोळक्याने जातात. अशा घोळक्यात मागच्याला थांबण्यास ना वेळ मिळतो, ना जागा. त्या दिवशी जर्मन स्वार याशा स्युटरलिन याला शर्यत सोडावी लागली. स्पेनच्या मार्क सोलेरने टप्पा कसाबसा पुरा केला. नंतर तपासणीत त्याच्या दोन्ही हातांची हाडे मोडल्याचे आढळले.

ती स्त्री गर्दीतून निघून गेली. चार दिवसांनी ती पोलिसांच्या स्वाधीन झाली. दरम्यान तिच्या फलकाचे चित्र जगभर पसरले होते आणि लोक तिच्यावर तुटून पडले होते. शर्यतीच्या चालकांनी आधी तक्रार करण्याचे जाहीर केले, पण प्रकरण फारच वाढले असे पाहून ती मागे घेतली. तरीही खटला थांबला नाही. कारण फौजदारी गुन्हा हा एकट्या तक्रारदाराचा प्रश्न नसतो, सरकारी वकील तो पुढे चालवू शकतो.

तिच्यावर आरोप दोन : इतरांचे जीवित धोक्यात घालणे आणि हेतू नसताना इजा करणे. अशा अपराधास एक वर्षापर्यंत कारावास व १५,००० युरोपर्यंत दंड होऊ शकत होता. तिचा हेतू वाईट नव्हता, हे कोणीच नाकारले नाही. परंतु कायदा केवळ हेतू पाहत नाही. समोरून वेगाने स्वार येणार हे ठाऊक असताना रस्त्याकडे पाठ करून पुढे सरकू नये, एवढी सावधगिरी सामान्य माणसाकडून अपेक्षित असते. ती न बाळगणे हाच अपराध. आपल्याकडेही हेच तत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ अन्वये, बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने कोणास जबर दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आणि हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने जबर दुखापतच होय.

हेतूचा प्रश्न याच शर्यतीत पूर्वीही उभा राहिला होता. १९७५ साली पुई द दोम या डोंगराच्या चढणीवर एका प्रेक्षकाने बेल्जियमचा विख्यात स्वार एडी मर्क्स याच्या पोटावर ठोसा मारला. पुढे न्यायालयात मर्क्सने भरपाई मागितली ती नाममात्र एका फ्रँकची. ती त्याला मिळाली. पाच वेळा ही शर्यत जिंकलेल्या मर्क्सला ती त्या वर्षी मात्र जिंकता आली नाही. याउलट १९९९ साली आल्प द्युएझच्या चढणीवर छायाचित्र घेण्याच्या नादात एक तरुण इटलीच्या ज्युसेप्पे ग्वेरीनीच्या वाटेत आला. ग्वेरीनी पडला, उठला आणि टप्पा जिंकला. कृत्य निष्काळजीपणाचेच, पण इजा न झाल्याने सारे क्षमेवर भागले. ब्रिटनीतील स्त्रीच्या बाबतीत दैव असे अनुकूल नव्हते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रेस्तच्या न्यायालयात सुनावणी झाली. सरकारी वकिलाने चार महिन्यांची शिक्षा मागितली. मात्र ती स्थगित ठेवावी, म्हणजे प्रत्यक्ष तुरुंगात पाठवू नये, असेही सुचविले. ९ डिसेंबर रोजी निकाल लागला. न्यायालयाने तिला दोषी ठरवून १,२०० युरो दंड केला. मोडलेल्या हाडांच्या मानाने हा दंड कोणाला थोडा वाटेल. परंतु जगभराची निंदा ती आधीच सोसून बसली होती. व्यावसायिक स्वारांची संघटनाही या खटल्यात उतरली होती. तिला भरपाई म्हणून एक युरो देण्याचा हुकूम झाला. एका युरोने कोणाचे औषधपाणी होत नाही, हे संघटनेला ठाऊकच होते. रस्त्यावर पडलेली माणसे प्रेक्षकांच्या करमणुकीचे साहित्य नसून कामावर निघालेली माणसे होती, आणि त्यांना इजा झाली होती, एवढे न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदले जावे, म्हणून तो एक युरो होता.