केमोच्या वॉर्डातली पहिली ड्यूटी

बारावीचा निकाल लागला की पिशोर-कन्नडकडच्या घरांत नर्सिंगचा विषय निघतोच. फॉर्म भरायला आई-वडिलांची ना नसते. पण मुलीने "मला कॅन्सरच्या मुलांच्या वॉर्डात काम करायचंय" म्हटलं की घर गप्प होतं. मग प्रश्न येतात: तिला झेपेल का? तो रोग लागत तर नाही ना? पुढे लग्नाचं काय?

कर्करोग सेवा करणाऱ्याला लागत नाही. जपायचं असतं केमोच्या औषधांपासून, त्यासाठी हातमोजे आणि गाऊन असतात; गरोदर सिस्टरला ही औषधं हाताळायला देऊ नयेत, असा दंडक आहे. लग्नाचं म्हणाल तर नोकरीवाली नर्स सून म्हणून किती घरांना हवी असते, हे तुम्हीच जास्त जाणता.

उरला झेपण्याचा प्रश्न, आणि तो खरा आहे.

नव्या नर्सची पहिली धास्ती औषधाची असते. व्हिन्क्रिस्टिन शिरेतून दिलं तर उपचार. चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर रुग्ण दगावतो. लालभडक डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं, म्हणून सलाईन चालू असताना मुलाला "चुरचुरतंय का रे?" असं पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. नंतर लघवी लाल होते. ते आईला आधी सांगितलं नसेल तर रक्त समजून ती हंबरडा फोडते. मुलांचे डोस बहुतेक उंची-वजनावरून काढतात आणि दोघींनी ताडून पाहिल्याशिवाय औषध लावायचं नसतं. गणित सुटावं म्हणून बायोलॉजी घेतलेल्यांनी हे ऐकून ठेवावं.

दुसरी अडचण पुस्तकात सापडत नाही. हाडाचा कर्करोग बऱ्याचदा वाढत्या वयात, गुडघ्याजवळ होतो. रुग्ण सतरा वर्षांचा, नर्स बावीसची. तो तिला सिस्टर नाही, ताई म्हणतो, आणि डॉक्टरांना न विचारलेलं रात्री तिला विचारतो, "ताई, पाय काढणार का?" बाहेर वडिलांनी बजावलेलं असतं, त्याला काही सांगू नका. अशा वेळी खोटं बोलायचं नाही आणि डॉक्टरांच्या आधी निकालही द्यायचा नाही. "सकाळी राउंडला तूच विचार, मी शेजारी थांबते," हे वाक्य सीनिअर सिस्टरच्या बाजूला उभं राहूनच शिकता येतं. जिची वेणी घालून दिली ती मुलगी गेली की हॉस्टेलवर रडू येतं. त्याला कच्चेपणा समजू नका.

पण हा वॉर्ड म्हणजे नुसतं मरण नव्हे. मुलांत सर्वांत जास्त आढळतो रक्ताचा कर्करोग. त्याचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात आणि बरीच मुलं बरी होतात. श्रीमंत देशांत कर्करोगाची 80 टक्क्यांहून अधिक मुलं वाचतात. जगभर निदान 60 टक्के वाचावीत, असं 2030 पर्यंतचं उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ठेवलं. आपल्याकडे मूल गमावण्याची कारणं कधी साधी असतात. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना गावी ताप आला, तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नसते, तडक रुग्णालय गाठायचं असतं. हे घरी सोडताना आईच्या गळी उतरवणारी सिस्टर पिशोरकडची असेल, तर ते त्या आईच्याच बोलीत सांगितलं जातं.

वाट अशी: जीएनएम तीन वर्षांचं, कुठल्याही शाखेतून; बी.एस्सी. चार वर्षांचं, त्याला विज्ञान शाखा आणि राज्याची सीईटी. नियम बदलतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा आणि कॉलेजची मान्यता तपासा. पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, थोडा अनुभव, मग कर्करोग नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा. परळचं टाटा मेमोरियल, 1941 पासूनचं, त्यासाठी नावाजलेलं. घराजवळ संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 पासून आहे.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत पगार विचाराच, पण आधी हे विचारा: सुरुवातीचे महिने माझ्यासोबत कोण असेल? रात्री एका नर्सकडे किती मुलं? एकटीला केमो लावायला केव्हा देता? "आल्या दिवसापासून" असं उत्तर आलं, तर पगार कितीही असो, दुसरं रुग्णालय बघा.