नंजनगूडचे गोपुर आणि म्हैसूरचे ऋण

म्हैसूरच्या दक्षिणेस कपिला नदीच्या काठी वसलेले नंजनगूड हे क्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून विख्यात आहे. येथील श्रीकंठेश्वराच्या प्राचीन मंदिराचा विस्तार दळवाई करचूरि नंजराज व पुढे दिवाण पूर्णय्या यांनी केला, आणि त्याचे सातमजली गोपुर राणी देवराजम्मण्णी यांनी १८४५ साली उभारले. मात्र ह्या वर्षी राणीचे पती, महाराज मुम्मडी कृष्णराज वोडेयर, यांच्या हाती राज्यकारभार नव्हता. आर्थिक अव्यवस्था व बंडाळी ही कारणे दाखवून ईस्ट इंडिया कंपनीने तो १८३१ मध्येच आपल्याकडे घेतला होता. दातृत्व राहिले आणि सत्ता गेली, हे कसे घडले याचा विचार केल्यास, ऋण व हक्काच्या नेमणुका यांपुढे राज्यकर्ते कसे वागतात, यावर पुष्कळ प्रकाश पडतो.

श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर १७९९ साली झालेल्या तहान्वये म्हैसूर राज्यावर कंपनीला दरसाल सात लक्ष होन, म्हणजे साडेचोवीस लक्ष रुपये, खंडणी देण्याचे बंधन आले. तहाच्या वेळी धरलेल्या राज्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून ही रक्कम अधिक होती. १८०७ च्या पुरवणी करारानुसार चार हजार शिलेदार स्वारांचा खर्चही राज्याच्या माथी पडला. महाराज अल्पवयी असल्याने कारभार पूर्णय्या यांच्याकडे होता. हे माध्व देशस्थ ब्राह्मण हैदर व टिपू यांच्या सेवेत मुरलेले मुत्सद्दी होते. त्यांनी करडी काटकसर केली, आणि १८११ साली कारभार सोडताना सुमारे दोन कोटी रुपयांची शिल्लक खजिन्यात ठेवली. तथापि स्वतः पूर्णय्यांनाही १८०७ मध्ये येळंदूरची जहागीर वंशपरंपरेने मिळाली होती, हे विसरता येत नाही. काटकसरी दिवाणाची सेवादेखील कायमच्या नेमणुकीने गौरविण्याची त्या काळची रीत होती.

पुढील वीस वर्षांत ही शिल्लक आटली. महाराज विद्याव्यासंगी व उदार होते. देवस्थाने, विद्वान, कलावंत व आश्रित यांना इनामे, वर्षासने व नेमणुका मिळत गेल्या. शिलकेतून एकदा दिलेली देणगी संपून जाते. इनामाचे तसे नाही. त्यामुळे सरकारचे उत्पन्न कायमचे कमी होते, आणि ते परत घेणे हे पाप व अन्याय अशा दोन्ही नावांनी ओळखले जाते. शिल्लक पाहून दिलेली वचने शिल्लक संपल्यावरही पाळावी लागतात. म्हैसूरच्या अडचणीचे मूळ येथे आहे.

ही अडचण कोणत्या मार्गांनी झाकली गेली, हे विशेष अभ्यसनीय आहे. पहिला मार्ग थकबाकीचा. फौजेचे पगार तुंबले. वहीत ‘ऋण’ असे ज्याला म्हणत नाहीत, असे ते ऋणच होते. पगाराची वाट पाहणारा शिपाई हा सरकारचा बिनव्याजी सावकार ठरला. दुसरा मार्ग ‘शर्ती’ पद्धतीचा. तीत ठरलेली वसुली करून देण्याची हमी अमलदाराने द्यावयाची, आणि तूट आल्यास ती स्वतः भरावयाची. अमलदार ती तूट अर्थातच रयतेकडून भरून काढी. अशा रीतीने दरबारातील औदार्याचे मोल दूरच्या परगण्यातील कुणब्याने दिले. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी १८२५ साली म्हैसूरला येऊन महाराजांना सावध केले होते. १८३० मध्ये नगर प्रांतात रयत उठली, आणि पुढील वर्षी गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी तहातील कलमांचा आधार घेऊन कारभार काढून घेतला. या कृतीत कंपनीचा स्वार्थ नव्हता असे नव्हे. ज्या खंडणीने राज्याची कंबर वाकली होती, तिला मात्र यात धक्का लागला नाही. महाराजांना दरसाल साडेतीन लक्ष रुपये व निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा ठरवून देण्यात आला. नंजनगूडचे गोपुर ह्या दुसऱ्या कालखंडातील आहे.

पन्नास वर्षांनंतर, १८८१ साली, राज्य वोडेयर घराण्यास परत मिळाले, तेव्हा स्थिती अधिकच बिकट होती. १८७६–७८ च्या दुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे दगावली होती, शिलकेतील त्रेसष्ट लक्ष रुपये खर्ची पडले होते, आणि हिंदुस्थान सरकारचे ऐंशी लक्षांचे कर्ज झाले होते. शिवाय खंडणी साडेदहा लक्षांनी वाढवून पस्तीस लक्ष ठरविण्यात आली. तिची अंमलबजावणी तेवढी पुढे ढकलली गेली. दिवाण रंगाचार्लू यांनी आठ जिल्ह्यांचे सहा केले आणि इतरत्रही खर्चास कात्री लावली. परंतु त्यांची महत्त्वाची कृती वेगळीच होती. ७ ऑक्टोबर १८८१ रोजी १४४ सभासदांची प्रतिनिधिसभा भरवून त्यांनी राज्याच्या जमाखर्चाची हकीकत तिच्यापुढे मांडली. सभेला मतदानाचा अधिकार नव्हता. तरीही कर देणाऱ्याला देण्याचा आकडा समोरासमोर ऐकविण्याची प्रथा तेथे सुरू झाली.

रंगाचार्लूंनी कर्ज टाळले मात्र नाही. दुष्काळानंतर लोहमार्गाचे काम चालू ठेवून १८८२ मध्ये बंगळूर–म्हैसूर रेल्वे पूर्ण झाली. पुढे शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत दक्षिण मराठा रेल्वे कंपनीमार्फत इंग्लंडात भांडवल उभारले गेले, आणि १८९१ मध्ये हा मार्ग नंजनगूडपर्यंत आला. रेल्वेचे कर्ज फेडण्यास रेल्वेचे उत्पन्न होते. नेमणुकांच्या थकबाकीस असे कोणतेही साधन नव्हते. दोन ऋणांतील हा भेद रकमेवरून कळत नाही.

आज ह्याच मार्गावरून जाणारा यात्रेकरू बसने येतो, आणि ११ जून २०२३ पासून सुरू झालेल्या ‘शक्ती’ योजनेनुसार कर्नाटकातील स्त्रियांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही. ‘गृहलक्ष्मी’ योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसूर नगरातच झाला. तीत कुटुंबप्रमुख स्त्रीस दरमहा दोन हजार रुपये मिळतात. पूर्वीचा लाभार्थी दरबारातील मोजका आश्रित होता, आजचा लाभार्थी मतदार आहे, आणि त्याची गरज खरी आहे. म्हणून या योजनांना केवळ उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु २०२५–२६ च्या अंदाजपत्रकात पाच हमी योजनांसाठी सुमारे ५१ हजार कोटी रुपये ठेवले गेले, महसुली तूट सुमारे १९ हजार कोटींची दाखविली गेली, आणि एकूण दायित्व राज्य उत्पन्नाच्या २४.९१ टक्के झाले. राज्याच्या २००२ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानुसार मर्यादा २५ टक्क्यांची आहे. जानेवारी २०२५ मध्ये बसभाडे १५ टक्क्यांनी वाढले, आणि परिवहन निगमांना तुंबलेली देणी भागविण्यासाठी दोन हजार कोटींचे कर्ज काढू देण्याचे ठरले. निगमाच्या नावावरील हे कर्ज पाहून शिलेदारांच्या थकलेल्या पगाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातही २०२४ च्या निवडणुकीपूर्वी ‘लाडकी बहीण’ योजनेचे पैसे वाटले गेले. लाभार्थींची कसून छाननी मात्र निवडणुकीनंतर झाली.

कायद्याची मर्यादा आकड्यावर असते, आणि आकडा दुसऱ्याच्या वहीत नेला की मर्यादा पाळल्यासारखी दिसते. म्हणून राज्याच्या ऋणाचा हिशेब मांडताना निगमांची देणी, कंत्राटदारांची थकलेली बिले आणि पुढील वर्षांच्या नेमणुकांचा भार ही तिन्ही खाती एकत्र वाचली पाहिजेत. नवी नेमणूक जाहीर होईल त्याच दिवशी, ती कोणत्या उत्पन्नातून आणि किती वर्षे दिली जाणार, हे विधिमंडळापुढे मांडण्याची सक्ती असावी. १८८१ च्या सभेला मताचा अधिकार नव्हता, परंतु आकडे ऐकावयास मिळाले. आजच्या विधिमंडळाला तो अधिकार आहे, आणि त्यापुढे संपूर्ण आकडे येणे अद्याप बाकी आहे.